दर लपवला, भागाकार उघडाच: प्रोजेक्ट सॉफ्टवेअरमध्ये लोकांचे पगार गुप्त कसे ठेवावेत

नवीन प्लॅनरला पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक काम हमखास मिळतं. साहेब म्हणतात, "शेड्यूल छान झालंय, आता त्यात कॉस्ट टाक." अकाउंट्सकडून एक शीट येते, त्यात माणसांची नावं आणि तासाचे दर. नवीन माणूस ते दर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या रिसोर्स शीटमध्ये भरतो, कॉलमवर राइट क्लिक करून 'हाइड कॉलम' म्हणतो आणि फाइल सगळ्या टीमला पाठवून देतो. दर तर दिसत नाहीत, मग झालं की!

झालेलं काहीच नसतं. ज्याला फाइल मिळाली तो 'इन्सर्ट कॉलम' म्हणून तोच कॉलम परत आणू शकतो. पण ते बाजूला ठेवा. कॉलम कुणी परत आणलाच नाही, तरी पगार कळतोच. कसा, ते आधी आकड्यांत बघू.

आधी एक छोटा हिशेब

समजा, तुमच्या टीममधल्या एका डिझाइन इंजिनिअरचं सीटीसी वर्षाला ९,६०,००० रुपये आहे. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. त्यातून १० सुट्ट्या आणि २४ रजा वजा केल्या की उरले २२६. रोजचे ८ तास धरले तर १,८०८ तास. आता ९,६०,००० भागिले १,८०८, म्हणजे तासाला साधारण ५३१ रुपये. अकाउंट्सवाले हा दर हातात येणाऱ्या पगारावरून काढत नाहीत, सीटीसीवरून काढतात. कारण कंपनीला पडणारा खर्च तो असतो: बेसिकवर कंपनीचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद, सगळं धरून.

शेड्यूलमध्ये एक टास्क आहे: 'फाउंडेशन ड्रॉइंग तपासणी'. त्यावर हा एकच इंजिनिअर. काम ४० तास, कॉस्ट २१,२४० रुपये. शेजारच्या टेबलावरचा माणूस मोबाइलवर भागाकार करतो: ५३१. कंपनीच्या सुट्ट्या आणि रजा त्यालाही तोंडपाठ आहेत. १,८०८ ने गुणलं की आलं ९ लाख ६० हजार. चहा गार व्हायच्या आत.

तास, दर आणि रक्कम या तिघांपैकी कुठलेही दोन हाती लागले की तिसरा आपोआप मिळतो. तास लपवणं शक्य नाही, शेड्यूल म्हणजे तासच. म्हणून तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, दराबरोबर रक्कमही लपवायची. दोन, सॉफ्टवेअरमध्ये खरा पगार जाऊच द्यायचा नाही. मी दुसऱ्या वाटेचा माणूस आहे, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या त्याच वाटेच्या आहेत.

इथे एक पळवाट सुचवली जाते, तिला भुलू नका. "खऱ्या दराला ओव्हरहेडसकट १.४ ने गुणून टाकू, मग कुणाला काय कळणार?" अहो, प्रत्येकाला स्वतःचा पगार माहीत असतो ना! माझा खरा दर ५३१, आणि फाइलमध्ये माझ्या नावापुढे ७४३ निघतो. भागाकार केला की १.४ सापडला. आता त्याच १.४ ने बाकी सगळ्यांचे दर भागायचे. एका माणसाला स्वतःची किल्ली सापडली की सगळ्यांची कुलुपं उघडतात, कारण सगळ्यांना कुलूप एकच लावलंय.

नेमकं काय लपवायचं आहे?

कामाला लागण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या.

पहिली, कॉस्टिंग रेट आणि बिलिंग रेट. बिलिंग रेट म्हणजे क्लायंटला लावायचा दर. तो करारात, रेट कार्डात असतो आणि क्लायंटला माहीतच असतो. कॉस्टिंग रेट म्हणजे माणूस कंपनीला किती पडतो तो. गुप्त ठेवायचा तो हा. नवीन मंडळी दोन्ही एकाच कॉलममध्ये कोंबतात आणि मग क्लायंटला फाइल गेली की त्याला तुमचं मार्जिनसुद्धा दिसतं. पुढच्या कराराच्या बोलणीत त्याचा काय उपयोग होतो, हे तुम्हाला सेल्सवाले सांगतील, आणि चढ्या आवाजात सांगतील.

दुसरी, सरकारी माणसं. तुमच्या प्रोजेक्टवर महापालिकेचे किंवा शासनाच्या एखाद्या खात्याचे अभियंते असतील, तर त्यांच्या पगारासाठी एवढी धावपळ करायचं कारण नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन त्या कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं असतं. खासगी कंपनीला तो नियम नाही.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आपण फाइल बंद करतोय, माणसांची तोंडं नव्हे. मीनलनं स्वतःचा पगार स्वतः सुहासला सांगितला, तर तो तिचा प्रश्न. अमेरिकेत तर १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टखाली बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना आपसांत पगाराबद्दल बोलायचा हक्कच आहे, आणि युरोपीय संघानं २०२३ साली वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढलाय. पुण्या-मुंबईत बसून तिकडच्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनी "पगाराबद्दल बोलू नये" असली वाक्यं प्रोजेक्टच्या नियमावलीत घालण्याआधी कायदेशीर विभागाला विचारावं. आपलं काम एवढंच, की मीनलचा पगार सुहासला तुमच्या फाइलमधून कळता कामा नये.

पायरी १: माणसाचा दर नको, श्रेणीचा दर घ्या

सगळ्यात भक्कम उपाय हाच, आणि तो सॉफ्टवेअर उघडण्याआधी करायचा आहे. अकाउंट्सला सांगा, "मला नावनिहाय दर पाठवूच नका. श्रेणीनिहाय सरासरी द्या." ज्युनिअर इंजिनिअर, सीनिअर इंजिनिअर, लीड, मॅनेजर, अशा चार-पाच श्रेणी. फाइलमध्ये माणसांची नावं खरीच ठेवा, फक्त प्रत्येकापुढे त्याच्या श्रेणीचा दर घाला.

समजा, सीनिअर श्रेणीत चार जण आहेत, त्यांचे दर ४३१, ४९८, ५३१ आणि ५८०. बेरीज २,०४०, सरासरी ५१०. ती वरच्या २५ च्या पटीत नेऊन ५२५ लावा. प्रोजेक्टच्या एकूण खर्चात या १५ रुपयांनी तासाला जो फरक पडेल तो तुमच्या अंदाजातल्या चुकांपुढे किरकोळ असतो. तुमचं शेड्यूल पहिल्या पावसात दोन आठवडे घसरतं, तिथे १५ रुपयांचा काय पाड!

पण सरासरीतही खाचा आहेत, आणि नवीन माणूस तिथेच अडकतो.

श्रेणीत एकच माणूस असेल तर सरासरी म्हणजे त्याचाच पगार. छोट्या कंपनीत 'लीड आर्किटेक्ट' एकटाच असतो. त्याला मॅनेजरांच्या श्रेणीत मिसळा. दोन जण असतील तरी उपयोग नाही, कारण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा आकडा ठाऊक असतो. सरासरीची दुप्पट केली, त्यातून आपला वजा केला, की दुसऱ्याचा आला. तिघं असतील तर दोघांनी एकत्र बसून तिसऱ्याचा काढता येतो. म्हणून मी चारच्या खाली श्रेणी करत नाही. पाच असतील तर आणखी बरं.

दुसरी खाच अजून चोरटी आहे. चार जणांची सरासरी ५१०. मध्येच नवा माणूस आला, तुम्ही सरळपणानं सरासरी पुन्हा काढली आणि दर ५४० झाला. आता पाच गुणिले ५४० म्हणजे २,७००; त्यातून चार गुणिले ५१०, म्हणजे २,०४०, वजा करा. उरले ६६०. नव्या माणसाचा दर, अगदी रुपयापर्यंत. आणि जुन्या चौघांपैकी सगळ्यात जास्त ज्याला मिळतात त्याला ५८०! उरलेली गोष्ट मी सांगायला नको. यावर इलाज म्हणजे श्रेणीचे दर वर्षातून एकदाच बदलायचे, अप्रेझल आटोपल्यावर, सगळे एकदम. मधे कुणी आलं, कुणी गेलं, कुणाला बढती मिळाली, तरी दर तोच. २५ च्या पटीत नेण्याचा फायदाही इथे मिळतो, वजाबाकी अचूक येत नाही.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका रिसोर्सला ए पासून ई पर्यंत पाच रेट टेबल असतात, आणि प्रत्येकात तारखेनुसार दर बदलता येतात. श्रेणीचा दर वर्षाला बदलताना जुना पुसून नवा लिहू नका. नवी ओळ घालून 'इफेक्टिव्ह डेट' द्या, म्हणजे मागच्या महिन्यांचा खर्च हलत नाही.

पायरी २: खरे आकडे हवेच असतील तर फाइली दोन

काही ठिकाणी सरासरीवर भागत नाही. निश्चित किमतीचा करार असतो, नफा काठावर असतो, आणि संचालकांना रुपयाचा हिशेब हवा असतो. ठीक आहे. मग शेड्यूल आणि कॉस्टिंग यांची सोडचिठ्ठी करा.

शेड्यूलच्या फाइलमध्ये दर अजिबात नाहीत, शून्य. ती टीमकडे, क्लायंटकडे, कुठेही जाऊ दे. महिन्याच्या शेवटी 'रिसोर्स युसेज' व्ह्यूमधून प्रत्येक माणसाचे त्या महिन्याचे तास काढा आणि ते एका वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये घ्या. ही एक्सेल अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये राहते, तुमच्या नाही. तिच्यात एका शीटवर कर्मचारी क्रमांक आणि दर, दुसऱ्यावर तुम्ही दिलेले तास, आणि गुणाकार तिथेच होतो. नावाऐवजी कर्मचारी क्रमांकानं जोडा. एकाच नावाचे दोघे निघाले की व्हीलुकअप, म्हणजे यादीतून आकडा शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र, पहिल्यालाच धरतं, आणि टीममध्ये दोन अमित जोशी असणं ही महाराष्ट्रात काही दुर्मिळ घटना नाही.

बाहेर काय येतं? फक्त प्रोजेक्टची महिन्याची एकूण रक्कम. ती तुम्हाला एका ओळीच्या मेलमध्ये मिळते: "जून, १४,३५,०००." तुम्ही ती शेड्यूलच्या रिपोर्टात हातानं लिहिता. जुनाट वाटतं, पण या ओळीतून कुणाचाही पगार निघत नाही, निदान प्रोजेक्टवर चार-पाच माणसं असतील तोवर.

टप्प्याटप्प्यानं खर्च मागितला तर मात्र सावध. "फेज २ चा खर्च सांगा" म्हटलं आणि फेज २ मध्ये दोनच माणसं असली, तर परत भागाकाराची वाट मोकळी. असे छोटे टप्पे शेजारच्या टप्प्यात मिसळून सांगायचे.

पायरी ३: एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइल बाहेर पाठवण्याआधी

समजा, आधीच्या प्लॅनरनं खरे दर भरून ठेवलेत आणि ती फाइल आता तुमच्या गळ्यात आहे. ती कुणाला पाठवायची असेल तर आधी 'सेव्ह ॲज' करून प्रत काढा. मूळ फाइलवर हात चालवू नका, एकदा पुसलं की गेलं.

रिसोर्स शीट उघडून स्टँडर्ड रेट, ओव्हरटाइम रेट आणि कॉस्ट पर यूज शून्य करा. लोक इथे थांबतात. तुम्ही प्रत्येक रिसोर्सवर डबल क्लिक करून 'कॉस्ट्स' टॅबवर जा आणि बी, सी, डी, ई टेबलंही बघा. कुणीतरी 'साइट भत्त्यासह' दर बी मध्ये ठेवलेला असतोच.

मग बेसलाइन. दर शून्य केले तरी बेसलाइन कॉस्ट जिथल्या तिथे राहते, कारण बेसलाइन म्हणजे त्या दिवशीचा काढून ठेवलेला फोटो. आणि तो एक नसतो. मूळ बेसलाइन आणि १ ते १०, अशा ११ बेसलाइन ठेवता येतात. 'क्लिअर बेसलाइन'मध्ये जाऊन एकेक साफ करा. त्यानंतर टास्क शीटवर कॉस्ट, ॲक्च्युअल कॉस्ट आणि फिक्स्ड कॉस्ट हे कॉलम मुद्दाम आणून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवा. कॉस्ट१ ते कॉस्ट१० हे मोकळे कॉलम आणि रिसोर्सच्या नोट्ससुद्धा. एका फाइलच्या नोट्समध्ये मला "एप्रिलपासून वाढणार, अजून सांगितलं नाही" असं लिहिलेलं सापडलं होतं.

टेंडरसाठी कोरा आराखडा द्यायचा असेल तर यापेक्षा सोपा रस्ता आहे. फाइल 'टेम्प्लेट' म्हणून सेव्ह करायला गेलात की सॉफ्टवेअर स्वतःच विचारतं, काय काय काढून टाकू: बेसलाइनचे आकडे, ॲक्च्युअल आकडे, रिसोर्सचे दर, फिक्स्ड कॉस्ट. चारही खुणा करा. पण ॲक्च्युअल काढले की झालेल्या कामाची प्रगतीही जाते, म्हणून चालू प्रोजेक्टच्या प्रगती अहवालाला हा रस्ता नाही. अहवालासाठी पीडीएफ द्या. समोरच्याला गँट चार्ट, म्हणजे तारखांवर आडव्या पट्ट्यांनी कामं दाखवणारा तक्ता, बघायचा असतो, तो पीडीएफमध्ये दिसतो. "एमपीपीच पाहिजे" असा आग्रह झाला तर वरची सगळी सफाई करून मगच.

पायरी ४: ऑनलाइन टूल असेल तर

सर्व्हरवर चालणाऱ्या टूलमध्ये फाइल फिरत नाही, पण परवानग्या फिरतात. प्रत्येक टूलची तऱ्हा वेगळी.

ओपनप्रोजेक्टमध्ये दर बघण्याच्या परवानग्या नीट वेगळ्या केलेल्या आहेत. सगळ्यांचे तासाचे दर बघणं ही एक परवानगी, फक्त स्वतःचा दर बघणं ही दुसरी. साध्या सदस्याच्या रोलला दुसरी दिली तरी चालते, पहिली नाही.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कंपन्यांत दिसतं. त्यात 'ॲक्टिव्हिटी कॉस्ट' नावाच्या नोंदीत कर्मचारीनिहाय कॉस्टिंग रेट आणि बिलिंग रेट भरतात, आणि टाइमशीट तिथून ते उचलते. म्हणजे दाराला दोन बाजू आहेत. 'ॲक्टिव्हिटी कॉस्ट' कोण उघडू शकतो ते बघा, आणि टाइमशीटमधल्या कॉस्टिंगच्या फील्डांचंही. तिथे प्रत्येक फील्डला ० ते ९ अशी परवानगीची पातळी देता येते. कॉस्टिंगची फील्डं १ किंवा २ वर टाकून ती पातळी फक्त अकाउंट्सच्या रोलला द्यायची. तयार रिपोर्टांना रोलची यादी स्वतंत्र असते, तीही तपासा. फॉर्मवर झाकलेलं रिपोर्टात उघडं, हा प्रकार इथे सर्रास दिसतो.

जिरा या टिकिटांवर कामं सांभाळणाऱ्या टूलमध्ये पगाराचं फील्ड मुळातच नसतं, म्हणून लोक स्वतः 'आवरली रेट' नावाचं कस्टम फील्ड बनवतात. बनवू नका. फील्ड स्क्रीनवरून काढलं तरी सर्चमध्ये आणि एक्सपोर्टमध्ये ते येऊ शकतं. शिवाय आकडा बदलला की हिस्टरीत जुना-नवा दोन्ही दिसतात, आणि त्या टिकिटवर नजर ठेवून असलेल्या सगळ्यांना मेल जातो, आकड्यासकट. ट्रेलो किंवा तसल्या बोर्डवर कार्डात दर लिहिणं म्हणजे तर लिफ्टमध्ये नोटीस लावणं.

आणि ॲडमिन? टूलच्या ॲडमिनला सगळं दिसतं, बॅकअप घेणाऱ्यालाही. म्हणूनच मी पायरी १ वर एवढा अडून बसतो. जे आत गेलंच नाही त्याची परवानगी सांभाळावी लागत नाही.

पायरी ५: एक्सेल, पीपीटी आणि गूगल शीट

खरी गळती टूलमधून कमी होते, टूलमधून काढलेल्या एक्सेलमधून जास्त. माझी स्वतःची चूकही इथलीच.

आठवड्याच्या मीटिंगसाठी मी खर्चाचा एक बार चार्ट एक्सेलमधून कॉपी करून पीपीटीत पेस्ट केला. दिसायला चार्ट, पाच निळे खांब, महिन्यांची नावं. पीपीटी वीस-बावीस जणांना गेली. दुसऱ्या दिवशी एका कनिष्ठ सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सर, त्या चार्टवर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' केलं की पूर्ण शीट उघडते." पूर्ण म्हणजे पूर्ण. मी पेस्ट करताना वर्कबुक एम्बेड होईल असा पर्याय निवडला होता, त्यामुळे चार्टबरोबर सगळं वर्कबुक गेलं होतं. चार्टचं शीट आणि त्याच्या मागचं नावनिहाय दराचंही. तो पोरगा मला सांगायला आला हे माझं नशीब. बाकीच्या एकवीस जणांपैकी किती जणांनी राइट क्लिक केलं असेल, हे मी मोजत बसलो नाही.

तेव्हापासून चार्ट पेस्ट करताना मी 'पिक्चर' हाच पर्याय घेतो. चित्रावर राइट क्लिक करून काय मिळणार!

एक्सेलच्या बाकीच्या भानगडी भराभर सांगतो. शीट 'हाइड' करणं म्हणजे पडदा, राइट क्लिक आणि 'अनहाइड' एवढंच अंतर. 'प्रोटेक्ट शीट'चा पासवर्ड चुकून होणारे बदल रोखण्यासाठी असतो, मजकूर लपवण्यासाठी नाही. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे मोठ्या यादीच्या बेरजा काढणाऱ्या तक्त्यात, बेरजेच्या खान्यावर डबल क्लिक केलं की मागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात, मूळ डेटाची शीट तुम्ही उडवली असली तरी, कारण पिव्होट स्वतःजवळ त्याची प्रत ठेवतो. म्हणून पिव्होट पाठवायचा नाही, त्याचे आकडे 'पेस्ट व्हॅल्यूज' करून नव्या फाइलमध्ये न्यायचे. फाइल खरोखर बंद करायची तर 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा नाही, फोन करून सांगायचा.

गूगल शीटमध्ये टॅब लपवला तरी ज्याला बघायची परवानगी आहे तो फाइलची कॉपी काढून टॅब उघडू शकतो. आणि इम्पोर्टरेंज (एका शीटमधला डेटा दुसऱ्यात आणणारं सूत्र) वापरत असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा: एका शीटला दुसऱ्या शीटची परवानगी एकदा दिली, की त्या पहिल्या शीटचा कुठलाही एडिटर दुसऱ्या शीटमधला कुठलाही भाग ओढून आणू शकतो, तुम्ही मागितलेली एक बेरीजच नव्हे. त्यामुळे मधे एक तिसरं शीट ठेवा, ज्यात फक्त बेरजा आहेत. टीमच्या शीटला परवानगी या मधल्या शीटची, पगाराच्या शीटची कधीच नाही.

पायरी ६: खोट्या माणसाच्या नावानं आत शिरा

स्वतःच्या लॉगिननं तपासण्यात अर्थ नाही, तुम्हाला सगळं दिसणारच. साध्या सदस्याच्या रोलनं एक टेस्ट युजर बनवा, ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, आणि अर्धा तास उचापत्या मुलासारखं वागा.

एखादं टास्क उघडा. यादीत नवा कॉलम घालता येतो का? 'कॉस्ट' लिहिल्यावर सुचवण्यांत काय येतं? सगळं सीएसव्हीत काढा आणि त्या फाइलमधले कॉलम मोजा, पडद्यावर आठ आणि फाइलमध्ये तेहतीस असं निघतं. डॅशबोर्ड बघा. मोबाइल ॲप बघा, वेबवर झाकलेलं तिथे दिसू शकतं. मग फिल्टरची परीक्षा: दर दिसत नाही, पण 'दर ५०० पेक्षा जास्त' असा फिल्टर लावता येतो का? लागला, तर ५००, ५५०, ५२५, ५३५ असं करत पाच-सात खेपांत आकडा सापडतो. शेवटी एका माणसाला एकच टास्क द्या आणि प्रोजेक्टची एकूण रक्कम किती हलली ते बघा. ती हललेली दिसत असेल, तर भागाकार परत हजर आहे.

हे तपासताना जवळ कागद-पेन ठेवा आणि जे सापडेल ते लिहून काढा. माझ्या पहिल्या तपासणीत तो कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

तरीही फुटलंच तर

मेल 'रिकॉल' करायच्या मागे लागू नका. रिकॉलची सूचना समोरच्याला गेली, तर ज्यानं मेल उघडली नव्हती तोही कुतूहलानं उघडतो. लिंक असेल तर लगेच बंद करा, फाइलची परवानगी काढा, फाइल किती जणांकडे गेली आणि कुणी उघडली याची नोंद टूलमधून काढून ठेवा. मग त्याच दिवशी एचआरला सांगा, आणि ज्यांचे आकडे गेले त्यांनाही कळू द्या, कँटीनमधून कळण्याआधी. पगार हा व्यक्तिगत डेटा आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात, २०२३ च्या, पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवलेली आहे. तुमची पीपीटी तिथवर पोचणार नाही बहुधा, पण "किरकोळ बाब आहे" असं म्हणून परस्पर मिटवायची मुभा तुम्हाला नाही. ते एचआर आणि कायदेशीर विभाग ठरवतील.

फुटलेल्या आकड्यांवरून टीममध्ये कुरबुर सुरू झाली, तर तिच्याबद्दल तुम्ही मत देऊ नका. "त्याचा अनुभव जास्त आहे म्हणून" असं समजावायला जाल आणि समोरचा स्वतःच्या अनुभवाची वर्षं मोजून दाखवेल. ती बाजू मॅनेजरनं सांभाळायची.

वर्षातून एकदा

अप्रेझलचे नवे श्रेणी-दर भरायच्या दिवशीच एक काम उरकून घ्या. टूलमधून, कॉस्टिंगच्या फोल्डरमधून आणि प्रत्येक शेअर केलेल्या शीटमधून परवानगी असलेल्या लोकांची यादी काढा, आणि एकेक नाव मोठ्यानं वाचत अकाउंट्समधल्या कुणाबरोबर तरी तपासा. टेस्ट युजरचा पासवर्डही बदला, तो एव्हाना चार जणांना माहीत झालेला असतो. तासाभराचं काम आहे. मला दर वर्षी त्या यादीत किमान एक नाव असं सापडतं, की ज्याच्या सेंडऑफचा केक मीही खाल्लेला असतो.